येशूसंघाची नाममुद्रा : तीन अक्षरांचा अर्थ व इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

जुने गोवे येथील बॉम जेझूच्या बासिलिकेची दर्शनी भिंत जांभ्या दगडाची असून तिच्यावरील कोरीव काम काळ्या बसाल्टाचे आहे. हा काळा दगड वसईहून आणविला होता, अशी परंपरा आहे. इमारतीची पायाभरणी १५९४ मध्ये झाली व १६०५ मध्ये तिचा विधिपूर्वक अभिषेक झाला. भिंतीच्या सर्वांत वरच्या भागात एक मोठी चौकट असून तीत आय्, एच् व एस् ही तीन रोमन अक्षरे ठळकपणे कोरलेली आहेत. हेच अक्षरत्रय तेजोवलयाच्या मध्यभागी, वर क्रूस व खाली तीन खिळे यांसह मांडले, म्हणजे येशूसंघाचे, अर्थात जेझुइट धर्मसंघाचे, सर्वपरिचित चिन्ह सिद्ध होते.

ही अक्षरे कशाची, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते. 'येझुस होमिनुम साल्वातोर', म्हणजे 'मानवांचा तारक येशू', या लॅटिन पदावलीतील ती आद्याक्षरे होत, असे सांगण्यात येते. मार्गदर्शिकांतून हे उत्तर छापले गेले आहे. क्वचित प्रबंधांतूनही ते आढळते. उत्तर भाविकाच्या दृष्टीने समाधानकारक असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ते चुकीचे आहे. अक्षरे रोमन दिसतात. शब्द मात्र ग्रीक आहे.

चिन्ह ज्या लिपीत दिसते त्याच लिपीच्या भाषेत त्याचा अर्थ शोधावयाचा, ही चूक स्वाभाविक आहे आणि म्हणूनच ती टिकून राहिली आहे. या एका चिन्हाच्या निमित्ताने तिचे स्वरूप तपासावे आणि चिन्हाचा मूळ अर्थ, त्यावर मागाहून चढलेले अर्थ व विशिष्ट स्थळी झालेला त्याचा उपयोग ही तीन अंगे वेगळी करून दाखवावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. लांछन, कुलचिन्ह आणि मुद्रा

प्रथम संज्ञांचा विचार करणे अवश्य आहे. युरोपात ढालीवरील कुलचिन्हांची पद्धत बाराव्या शतकात रूढ झाली. शिरस्त्राणाने चेहरा झाकला गेल्यावर योद्ध्याची ओळख ढालीवरून पटावी, हे तिच्या प्रसाराचे एक कारण सांगतात. पुढे हे चिन्ह वंशपरंपरेने मुलाकडे जाऊ लागले, त्याचे रंग व आकृती यांचे नियम ठरले आणि ते घराण्याच्या मालमत्तेसारखेच जपले जाऊ लागले.

आपल्याकडील राजलांछनांची कल्पना याहून पुष्कळ जुनी आहे. बदामीच्या चालुक्यांचा वराह, राष्ट्रकूटांचा गरुड, देवगिरीच्या यादवांचा गरुड ही लांछने ताम्रपटांच्या मुद्रांवर आढळतात, आणि कंधारसारख्या राष्ट्रकूटकालीन स्थळाशी ज्याचा परिचय आहे त्या मराठवाड्यातील अभ्यासकास ती नवी नाहीत. तथापि लांछन व युरोपीय कुलचिन्ह यांत एक साम्य महत्त्वाचे आहे. दोन्हींच्या मुळाशी वंश आहे. चिन्ह पाहणाऱ्याने प्रथम घराणे ओळखावयाचे असते.

धर्मसंघाची गोष्ट निराळी. त्यातील सभासदांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले असते. त्यांचा वंश चालत नाही. तरीही मध्ययुगाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती धर्मसंघांनी आपापली चिन्हे स्वीकारली, आणि गोव्यात कार्य करणाऱ्या संघांच्या वास्तूंच्या संदर्भात अभ्यासकाला ती ओळखावी लागतात. फ्रान्सिस्कन संघाच्या चिन्हात क्रूसापुढे दोन हात एकमेकांस छेदून जातात. एक उघडा हात ख्रिस्ताचा व दुसरा, झग्याच्या बाहीतील, संत फ्रान्सिस यांचा. दोन्ही तळहातांवर खिळ्यांचे व्रण. ऑगस्टिनियनांचे चिन्ह बाणाने विद्ध झालेले हृदय, तर कार्मेलाइटांचे पर्वत व तीन तारे. ही सर्व चित्ररूप चिन्हे आहेत. त्यांचा अर्थ आकृतीवरून लागतो.

येशूसंघाचे चिन्ह या मालिकेत वेगळे पडते. ते मूलतः ढालीवरील चित्र नव्हे. ते एक नाव आहे, आणि संघाच्या व्यवहारात ते प्रथम आले ते पत्रांवर उमटविण्याच्या मुद्रेच्या रूपाने. म्हणून त्यास कुलचिन्ह न म्हणता 'नाममुद्रा' म्हणणे अधिक यथार्थ होईल. आपल्या संतकवींच्या अभंगांच्या शेवटी येणाऱ्या नाममुद्रेशी या संज्ञेची गल्लत मात्र होऊ नये. तेथे मुद्रा कवीच्या नावाची असते. येथे ती आराध्याच्या नावाची आहे.

३. अक्षरे ग्रीक आहेत

येशूचे ग्रीक नाव 'इएसूस' असे आहे. ग्रीक लिपीत त्याची पहिली तीन अक्षरे आयोटा, ईटा व सिग्मा ही होत. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या प्राचीनतम ग्रीक हस्तलिखितांत 'देव', 'प्रभू', 'येशू', 'ख्रिस्त' असे काही पवित्र शब्द पूर्ण न लिहिता त्यांतील दोन-तीन अक्षरेच लिहावयाची व त्यांवर एक आडवी रेघ ओढावयाची, असा संकेत होता. हा संकेत केवळ जागा वाचविण्यासाठी नव्हता. ज्या शब्दांविषयी आदर दाखवावयाचा तेच शब्द प्रामुख्याने असे लिहिले जात.

या अक्षरांकडे किती प्राचीन काळापासून विशेष दृष्टीने पाहिले जात होते, याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिल्या गेलेल्या 'बर्नबाचे पत्र' या ग्रीक लेखात अब्राहामाच्या ३१८ सेवकांच्या बायबलमधील उल्लेखाचा अर्थ लावला आहे. ग्रीक अक्षरे संख्याही दर्शवितात. आयोटा म्हणजे १०, ईटा म्हणजे ८ आणि टाऊ म्हणजे ३००. तेव्हा १८ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे, आणि ३०० म्हणजे क्रूसाच्या आकाराचे टाऊ, असे त्या लेखकाचे म्हणणे आहे. कटपयादी पद्धतीने अक्षरांतून संख्या काढणाऱ्या परंपरेत वाढलेल्या वाचकास ही रीती अपरिचित वाटणार नाही.

पुढे हा संकेत पश्चिमेकडील लॅटिन हस्तलिखितांत गेला, आणि तेथे एक गमतीदार घोटाळा झाला. मोठ्या ग्रीक ईटाचा आकार रोमन एच्-सारखाच आहे. ग्रीक न जाणणाऱ्या लेखनिकांनी ते अक्षर रोमन एच् म्हणून वाचले. इतकेच नव्हे, तर संक्षेप सोडवून पूर्ण नाव लिहिताना त्यांनी त्यात हे अक्षर कायम ठेवले. मध्ययुगीन लॅटिन लेखनात येशूच्या नावात जो अकारण हकार दिसतो त्याचे मूळ येथे आहे. लहान लिपीत लिहिताना वरची आडवी रेघ एच्-च्या उभ्या दांड्यास छेदू लागली व त्यातून क्रूसाचा आकार आपोआप तयार झाला. म्हणजे चिन्हातील क्रूसाचे बीज लेखनिकाच्या संक्षेपरेषेत होते. त्यावर पुढे ध्यानपूर्वक कलाकुसर झाली.

आपल्या प्रदेशातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. किनवट तालुक्यातील इस्लापूरपासून माहूरपर्यंतचा डोंगराळ पट्टा ज्यांस परिचित आहे, त्यांस माहूरचे महानुभाव पंथातील स्थान सांगावयास नको. या पंथाने आपले मराठी ग्रंथ सकळ लिपी आदी सांकेतिक लिप्यांत जतन केले. त्यांत एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर योजिलेले असते. वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडीपर्यंत पंथाबाहेरील वाचकास ती पाने निरर्थक होती. भाषा आपलीच असूनही किल्लीवाचून ती वाचता येत नव्हती. येशूसंघाच्या मुद्रेबाबत याहून फसवी स्थिती आहे. तेथे किल्ली नसतानाही वाचता आल्यासारखे वाटते.

४. सिएनाचे बर्नार्दिनो : कुलचिन्हाच्या जागी नाम

हे अक्षरत्रय तेजोवलयात मांडून लोकांसमोर ठेवण्याचे श्रेय येशूसंघाचे नव्हे, तर एका फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाचे आहे. सिएनाचे संत बर्नार्दिनो (१३८०–१४४४) हे इटलीतील नगरांतून प्रवचने करीत हिंडत. प्रवचनाच्या शेवटी ते एक फलक उंच धरीत. निळ्या भूमीवर सोनेरी सूर्यबिंब व त्यात ही तीन अक्षरे. सूर्याचे बारा मुख्य किरण बारा प्रेषितांचे द्योतक मानले जात. फलक पाहताच श्रोते गुडघे टेकीत.

त्या काळच्या इटलीतील नगरे गुएल्फ व गिबेलिन या पक्षांच्या वैरांनी पोखरली होती. घराण्यांची व पक्षांची चिन्हे घरांच्या दर्शनी भिंतींवर लावलेली असत आणि त्यांवरून रक्तपात होई. बर्नार्दिनो यांचा उपदेश असा की, ही वैराची चिन्हे काढा व त्यांच्या जागी येशूचे नाव लावा. सिएनाच्या नगरसभेच्या राजवाड्यावर १४२५ मध्ये बसविलेले भव्य नामचिन्ह आजही पाहावयास मिळते. जुगाराविरुद्धच्या त्यांच्या प्रवचनांमुळे पत्ते रंगविणाऱ्या एका कारागिराचा धंदा बसला, तेव्हा त्यास त्यांनी नामफलक रंगविण्याचा सल्ला दिला, अशी कथाही त्यांच्याविषयी सांगतात.

म्हणजे ज्या चिन्हास आपण आज एका धर्मसंघाचे 'कुलचिन्ह' म्हणतो ते प्रथम कुलचिन्हांच्या विरोधात उभे राहिले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

विरोध झालाच. अक्षरांची पूजा ही मूर्तिपूजाच होय, असा आक्षेप घेण्यात आला आणि १४२७ च्या सुमारास बर्नार्दिनो यांना रोम येथे पोप पाचवे मार्टिन यांच्यासमोर उत्तर द्यावे लागले. ते निर्दोष ठरले. नुसत्या अक्षरांना पूज्यता दिली असा समज होऊ नये म्हणून चिन्हावर क्रूस असावा, असे त्या वेळी ठरल्याचे सांगतात. लेखनिकांच्या रेघेतून निर्माण झालेल्या क्रूसाला अशा रीतीने अधिकृत स्थान प्राप्त झाले.

५. लॉयोलाचे लांडगे आणि संघाची मुद्रा

येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लॉयोला हे बास्क प्रदेशातील एका सरदार घराण्यात १४९१ च्या सुमारास जन्मले. त्या घराण्याची कुलचिन्हे प्रसिद्ध आहेत. लॉयोला शाखेच्या चिन्हात साखळीने टांगलेल्या कढईच्या दोन्ही बाजूंस दोन लांडगे उभे आहेत. ओन्याझ शाखेच्या चिन्हात सोनेरी भूमीवर सात तांबडे पट्टे आहेत. १३२१ मधील बेओतिबारच्या लढाईत पराक्रम गाजविणाऱ्या सात भावांचे ते स्मारक होत, अशी घराण्याची परंपरा. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पाय मोडेपर्यंत इग्नेशियस याच क्षात्रजगात वावरत होते. १५२२ मध्ये त्यांनी मोंत्सेरातच्या मठात आपली तलवार अर्पण केली.

पोप तिसरे पॉल यांनी २७ सप्टेंबर १५४० रोजी संघास मान्यता दिली व पुढील वर्षी इग्नेशियस त्याचे पहिले प्रमुखाधिकारी झाले. पदाची मुद्रा निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी घराण्याचे लांडगे निवडले नाहीत; सात पट्टेही निवडले नाहीत. त्यांनी नामाचे अक्षरत्रय निवडले. खाली एक चंद्रकोर व तिच्या दोन बाजूंस दोन तारे होते. चंद्रकोर मरियेची, असे काही म्हणतात. सूर्य ख्रिस्त, चंद्र मरिया व तारे संघाचे सभासद, असेही सांगितले जाते. ही स्पष्टीकरणे मागाहूनची आहेत. पुढे चंद्रकोरीच्या जागी तीन खिळे आले व तेच रूप स्थिर झाले.

खिळ्यांचा प्राथमिक अर्थ स्पष्ट आहे. ते क्रूसावरील खिळे होत. प्राचीन चित्रांत ख्रिस्ताला चार खिळ्यांनी जखडलेले दाखवीत. तेराव्या शतकापासून पश्चिम युरोपात दोन्ही पावले एकावर एक ठेवून तीन खिळे दाखविण्याची रीत पडली. हे तीन खिळे म्हणजे दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते, हा अर्थ त्या संख्येवरून सुचलेला आहे. तो संघाच्या जीवनाशी सुसंगत आहे. परंतु कलेतील संकेत बदलला नसता व खिळे चारच राहिले असते, तर हा अर्थ सुचला नसता, हे विसरता कामा नये.

नावाची निवडही निर्वेध नव्हती. साऱ्या ख्रिस्तसमाजाचा जो स्वामी त्याचे नाव एकाच संघाने घ्यावे, हा अहंकार होय, असे अनेकांना वाटे. पोप पाचवे सिक्स्तुस यांनी तर हे नाव बदलण्याचे ठरविले होते. परंतु १५९० मध्ये त्यांचे निधन झाले व तो बेत मागे पडला. १५९१ मध्ये पोप चौदावे ग्रेगरी यांनी जुने नाव कायम केले. बॉम जेझूच्या इमारतीची पायाभरणी त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी झाली. तिच्या माथ्यावरील चौकटीत नामच असावे, यास ही ताजी पार्श्वभूमी होती.

६. व्युत्पत्ती आणि निरुक्ती

मग 'मानवांचा तारक येशू' हा लॅटिन विस्तार सर्वस्वी टाकाऊ समजावा काय? असे करणे दुसऱ्या टोकास जाणे होईल.

अशा विस्तारांची संख्या बरीच आहे. सम्राट कॉन्स्टंटाइन यांस ३१२ च्या युद्धापूर्वी दिसलेल्या चिन्हाच्या कथेशी संबंध जोडून 'या चिन्हाने' अशा अर्थाचे लॅटिन शब्दही या अक्षरांतून काढले गेले. 'येशू आमचा सोबती आहे' असा विस्तारही लॅटिनमध्ये करतात. तो संघाच्या नावाशी जुळतो. एकाच अक्षरत्रयातून इतके निरनिराळे शब्द निघतात, याचाच अर्थ त्यांपैकी कोणताही मूळचा नाही.

आपल्या परंपरेत या दोन गोष्टींचा भेद जुना आहे. शब्द कोणत्या धातूपासून झाला हे सांगणे एक, आणि शब्दात कोणता अर्थ पाहावा हे सांगणे दुसरे. 'पुं' नावाच्या नरकापासून त्राण करतो म्हणून 'पुत्र', ही मनुस्मृतीतील निरुक्ती आधुनिक भाषाशास्त्रास व्युत्पत्ती म्हणून मान्य नाही. परंतु त्या समाजाने पुत्राकडून कोणती अपेक्षा केली हे तिच्यातून जितके स्पष्ट कळते तितके शुद्ध व्युत्पत्तीतून कळत नाही.

नाममुद्रेच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. 'येशू' हे नाव ज्या हिब्रू नावावरून आले त्याचा अर्थच मुळी 'परमेश्वर तारतो' असा आहे. तेव्हा 'तारक' हा अर्थ त्या तीन अक्षरांत नसला तरी त्या अक्षरांनी दर्शविलेल्या नावात आहे. लॅटिन विस्तार करणारा अक्षरांच्या बाबतीत चुकला. नावाच्या बाबतीत चुकला नाही. व्युत्पत्ती खोटी, पण निरुक्ती खरी, असा हा प्रकार आहे.

७. साष्टीतील उपयोग : मुद्रा आणि पुराण

चिन्हाचा अर्थ ग्रंथात एक असतो, भूमीवर दुसरा. साष्टी महालात १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देवळांचा सरसकट विध्वंस केला. त्या प्रदेशाचे धर्मकार्य येशूसंघाकडे होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी रुदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार मारले. त्यानंतर तेथील गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणा येथील किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. ज्या नामाच्या फलकाने सिएनात पक्षवैराची चिन्हे उतरविली जावीत अशी अपेक्षा होती, तेच नाम साष्टीतील पुष्कळांना जिंकणाऱ्याच्या चिन्हासारखे दिसले असेल तर त्यात नवल नाही. कुंकळ्ळीचा विचार न करता केलेले या चिन्हाचे विवरण अपुरे राहील.

परंतु साष्टीचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले व १६१९ मधील मृत्यूपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर मृतांचे देह परत मिळविण्याचे काम त्यांनीच केले. पुढे त्यांनी मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचिले. त्याचे दोन भाग असून पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वरू म्हणजे अध्याय आहेत. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले व १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

हे मराठी पुराण रोमन लिपीत छापले गेले. देशी अक्षरांचे ठसे पाडून ग्रंथ छापावेत, अशी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ मधील पत्रात प्रमुखाधिकाऱ्यांकडे व्यक्त केली होती. ती त्यांच्या हयातीत फलद्रूप झाली नाही. त्यामुळे एक विलक्षण जोडी निर्माण झाली. बॉम जेझूच्या भिंतीवर ग्रीक नाव रोमन अक्षरांत होते. रायतूरच्या छापखान्यात मराठी काव्य रोमन अक्षरांत होते. दोन्हींच्या बाबतीत लिपी पाहून भाषा ठरविणारा वाचक फसणार होता. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना या काव्याची ओळख उशिरा पटली, याची अनेक कारणे आहेत. लिपी हे त्यांपैकी लहान कारण नव्हे. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे काढलेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते देवनागरीत प्रसिद्ध केले तेव्हा कुठे सामान्य मराठी वाचकाची वाट मोकळी झाली.

मुद्रेने नाम जसेच्या तसे परकीय अक्षरांत गोठविले. पुराणाने ते ओवीच्या चालीत बसविले. पुराणात ते 'जेजू' असे पोर्तुगीज उच्चाराला धरून येते, आणि ख्रिस्ती मराठीत आज सर्वत्र रूढ असलेले 'येशू' हे रूप मात्र हिब्रू उच्चाराच्या जवळ जाते. मुद्रेतील पहिले अक्षर, ग्रीक आयोटा, हे या 'य'-काराचेच चिन्ह आहे.

दोन्ही परंपरांचे पुढचे भवितव्य सारखे नव्हते. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला. स्टीफन्स यांनी जी वाट पाडली होती तीच बंद करण्याचा हा प्रयत्न होता. १७५९ मध्ये येशूसंघाचीच पोर्तुगीज मुलखांतून हकालपट्टी झाली. १७७३ मध्ये पोपनी संघ विसर्जित केला व १८१४ मध्ये तो पुनःस्थापित झाला. या अवधीत भिंतीवरील नाममुद्रा जागच्या जागी राहिली; तिचे धनी मात्र तेथे नव्हते. पुराण छापले जात नव्हते. ते हस्तलिखितांतून व ख्रिस्ती कुटुंबांतील वाचनातून जगत राहिले.

८. संशोधकास उपयोगी काही विवेक

वरील विवेचनावरून क्षेत्रीय संशोधनास उपयोगी अशा तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट अशी की, हे अक्षरत्रय दिसले म्हणून वास्तू अथवा वस्तू येशूसंघाचीच, असे अनुमान करता येत नाही. ते चिन्ह फ्रान्सिस्कनांनी लोकप्रिय केले व पुढे साऱ्या कॅथलिक समाजाचे झाले. गोवा, वसई किंवा चौल येथील एखाद्या शिलाखंडावर नुसती अक्षरे असतील, तर तेवढ्यावरून संघ ठरविणे धोक्याचे आहे. तेजोवलय, क्रूस व तीन खिळे ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर संभव वाढतो. निश्चितीसाठी कागदपत्रांचा आधार हवाच.

दुसरी गोष्ट, चिन्हातील घटक एकाच वेळी आले असे समजू नये. अक्षरे प्राचीन, सूर्यबिंबाची मांडणी पंधराव्या शतकातील, संघाची मुद्रा १५४१ मधील आणि खिळे त्यानंतरचे. प्रत्येक घटकाची कालमर्यादा स्वतंत्रपणे तपासावी.

तिसरी गोष्ट, अधिकृत स्पष्टीकरणही इतिहासाचाच भाग असते व तेही बदलते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस हे येशूसंघातून आलेले पहिले पोप झाले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या ढालचिन्हात निळ्या भूमीवर सर्वांत वर हीच नाममुद्रा होती. खाली मरियेचा तारा व संत योसेफाचे 'नार्दो' पुष्प होते. तारा प्रथम पाच टोकांचा काढला गेला व थोड्याच दिवसांत तो आठ टोकांचा करण्यात आला. पुष्पास तर अनेकांनी द्राक्षांचा घड समजले. 'नार्दो' या शब्दाने प्राचीन काळी हिमालयातील जटामांसी सूचित होई, आधुनिक स्पॅनिशमध्ये निशिगंध. शब्द एकच, भाषा व काळ बदलताच वनस्पती बदलते. आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेल्या चिन्हाची ही स्थिती, तर चार-पाच शतकांपूर्वीच्या चिन्हाबाबत किती सावध राहावे लागेल!

या संदर्भात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेन्री हेरास यांची आठवण होते. १९२६ मध्ये त्यांनी तेथे भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था स्थापिली व सिंधू संस्कृतीच्या मुद्रांची भाषा प्राचीन द्राविडी होती असे धरून त्या वाचण्याचा दीर्घ प्रयत्न केला. त्यांचे वाचन सर्वमान्य झाले नाही आणि त्या मुद्रांचा सर्वमान्य उलगडा अद्यापही झालेला नाही. परंतु प्रश्न त्यांनी योग्य क्रमाने विचारला होता. मुद्रा हाती आली की प्रथम तिची भाषा कोणती हे ठरवावयाचे, आणि मग अर्थाकडे वळावयाचे. ज्या संघाचे ते सभासद होते त्या संघाच्या स्वतःच्या मुद्रेबाबत हाच क्रम बहुधा पाळला जात नाही. अक्षरे ओळखीची दिसतात, म्हणून भाषेचा प्रश्न विचारलाच जात नाही.

बॉम जेझूच्या मुख्य वेदीवर संत इग्नेशियस यांची भव्य प्रतिमा आहे. तिची दृष्टी वर, नाममुद्रा असलेल्या तेजोवलयाकडे लागलेली आहे. पायांशी बाल येशूची लहानशी मूर्ती आहे. लॉयोलाच्या घराण्याचे लांडगे त्या रचनेच्या मध्यभागी नाहीत. ही अनुपस्थिती ज्याला दिसेल त्याला या चिन्हाचा मूळ हेतू कळेल. तेथून बाहेर पडून साष्टीच्या वाटेला लागल्यावर कुंकळ्ळी व रायतूर ही दोन्ही गावे ज्याला आठवतील, त्यालाच त्या चिन्हाचा इतिहास कळेल.